पायातली स्लीपर : मराठवाड्यातील बायकांच्या उन्हाळी पेहरावाचा एक दुर्लक्षित धागा

मे महिन्याच्या दुपारी बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील युसूफ वडगावात, किंवा मराठवाड्यातल्या अशा कुठल्याही मोठ्या गावात, रस्त्याने जाणाऱ्या बायकांच्या पायांकडे पाहावे. सुती पातळ नेसलेल्या, पदर कपाळापर्यंत ओढलेल्या वृद्धेच्या पायात रबरी स्लीपर. गाऊनवर ओढणी घेऊन किराणा दुकानाशी उभ्या असलेल्या गृहिणीच्या पायात तीच. तोंडाला स्कार्फ बांधून कॉलेजातून परतणाऱ्या मुलीच्या कुर्ती-लेगिंग्जखालीही तीच. फरक इतकाच की तिचा पट्टा गुलाबी आहे आणि त्यावर प्लास्टिकचे एक फूल आहे. पेहराव तीन, पिढ्या तीन, पादत्राण एक. हे दृश्य इतके अंगवळणी पडले आहे की त्याला इतिहास असेल अशी शंकाही कोणाला येत नाही. पण या वृद्धेच्या आजीला हेच दृश्य दाखवले असते, तर तिची नजर ना गाऊनवर अडखळली असती, ना लेगिंग्जवर. भर गावातून, चावडीसमोरून, पायात काहीतरी घालून चालणारी सून पाहूनच ती थबकली असती.

ती का थबकली असती, आणि मग असे काय घडले की तिच्या नातीला त्यात काहीच वावगे वाटू नये, हा या लेखमाळेतील आजचा विषय.

पादत्राणांसाठी मराठीत शब्दांची वाण कधीच नव्हती. संस्कृत ‘उपानह’पासून आलेली वहाण, ‘पादत्राण’ घासून झालेले पायताण, फारसीतून आलेला पायपोस, पोर्तुगीज ‘सापातु’शी नाते सांगणारी सपात, शिवाय जोडा, खेटर, खडावा. या शब्दांभोवतीचे वाक्प्रचार एकत्र ठेवून पाहिले की एक गोष्ट जाणवते. त्यांत चालणे फार थोडे आहे आणि मानापमान फार. जोडे उचलणे, जोडे मारणे, खेटरे खाणे. बायकांच्या वाट्याला आलेली म्हण तर सर्वपरिचित आहे : पायातली वहाण पायातच बरी. सुनेला किंवा बायकोला तिची पायरी दाखवून देताना ती हमखास वापरली जाई. बाईला वहाणेची उपमा देणाऱ्या या म्हणीला, त्या बाईच्या पायात वहाण आहे की नाही, हा प्रश्न मात्र कधी पडला नाही.

पादत्राण काढणे म्हणजे समोरच्याचे थोरपण मान्य करणे, हा संकेत या उपखंडात जुना आहे. देवघराच्या उंबऱ्याशी वहाणा निघतात तशाच त्या राजाच्या दरबारातही निघत. इंग्रजांनी तो संकेत चतुराईने उचलला. १८६२ मध्ये सुरतेच्या फौजदारी अदालतीत मानेकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थाने न्यायाधीशासमोर जोडे काढण्यास नकार दिला. तो त्या अदालतीत असेसर होता. वरिष्ठांपुढे जोडे काढणे हीच तुमची रीत आहे, असे न्यायाधीशाचे म्हणणे. मानेकजी हटला नाही. त्याला कचेरीत प्रवेश बंद झाला आणि त्याने थेट मुंबईच्या गव्हर्नराकडे निषेधाचे पत्र धाडले. जोडे काढायचे ते देवळात किंवा घरात, कचेरी ही या दोहोंपैकी काहीच नाही, असा युक्तिवाद त्या काळी हिंदी लोकांच्या बाजूने होत असे. नववीच्या पाठ्यपुस्तकामुळे ही कथा अनेकांना ठाऊक असेल. ती पुन्हा सांगण्याचे कारण एवढेच की या साऱ्या वादात पाय पुरुषाचे आहेत, तेही शहरी आणि सुशिक्षित पुरुषाचे. गव्हर्नराला पत्र लिहिण्याची सोय गावातल्या बाईला नव्हती, आणि तिच्यापुढचा न्यायाधीशही कचेरीत बसत नव्हता. तो पारावर बसत असे.

गावगाड्यात पायात काय असावे याचे उत्तर जात आणि लिंग मिळून देत. सवर्णांच्या आळीतून जाताना दलितांनी वहाणा काढून हातात घ्याव्यात, अशी सक्ती देशाच्या अनेक भागांत होती. घरंदाज म्हणवणाऱ्या कुटुंबांत सुनेने चावडी, पार किंवा सासऱ्याची बैठक ओलांडताना पायताण हातात घेऊन जावे, अशी रीत होती. दोन्ही नियमांचा आकार एकच आहे हे लक्षात घ्यावे. वस्तू जवळ असली तरी चालते. ती पायात दिसता कामा नये.

हाच आकार वस्त्रांतही दिसतो. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनात नोंदवले आहे की महार बायकांना लुगड्याचे काठ निऱ्यांखाली दडवून नेसावे लागे. काठ दाखवत नेसणे हा वरच्या जातींच्या बायकांचा हक्क होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे वेगळे भाषण केले, ते याच मुद्द्यावर. अस्पृश्यतेची ओळख पटवणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे जड दागिने टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. आज ‘काय कशावर शोभते’ हा प्रश्न हलकाफुलका वाटतो. त्या काळी चुकीचे उत्तर दिल्यास मार बसत असे. पादत्राणाने अपमान करण्याची रीत तर इतकी चिवट निघाली की अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती करताना चपलांचा हार घालणे हा गुन्हा नावानिशी लिहावा लागला.

आता शहराकडे वळू. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाई जोशी यांनी इंग्रजीतून एक भाषण केले. वैद्यकी शिकण्यासाठी आपण अमेरिकेला का जात आहोत, हा त्याचा विषय. त्या वेळी त्यांना अठरावे वर्ष पूर्ण व्हायचे होते. मुंबईत असताना शाळेत पायी जाताना आलेले अनुभव त्यांनी त्या भाषणात सांगितले आहेत : हातात पुस्तके पाहून लोक खिडकीतून डोकावत, रस्त्यातले हसत आणि मोठ्याने शेरे मारत. त्यातला एक शेरा त्यांच्या पायांविषयीचा होता. बूट-मोजे घालून शाळेला निघालेली ही कोण बाई, आणि हे कलियुगाचे लक्षण नव्हे तर काय, असा. आनंदीबाई आणि त्यांच्या चरित्रकार काशीबाई कानिटकर यांना जोडे घालून आणि छत्री घेऊन रस्त्याने चालल्याबद्दल दगडांचा मारही सोसावा लागला, असे स्त्री-साहित्याच्या अभ्यासकांनी लिहिले आहे. छत्री आणि जोडा. उन्हापासून आणि तापलेल्या रस्त्यापासून वाचवणाऱ्या या दोन साध्या वस्तू; पण दोन्ही पुरुषाच्या अधिकाराच्या खुणा मानल्या जात.

बूट-मोज्यांवरचा राग आणखी एका बाजूने समजून घेता येतो. विवाहित मराठी स्त्रीचे पाऊल हे नुसते पाऊल नसते. जोडवी, मासोळ्या, विरोद्या, पैंजण यांतून तिचे सौभाग्य, माहेर-सासरची ऐपत आणि काही वेळा जातही वाचता येते. बुटात पाय गेला की ही सारी अक्षरे झाकली जातात. परकी वस्तू म्हणून बूट डाचला असेलच, पण बाईचे पाऊल ‘वाचता न येणारे’ होणे हेही लोकांना सोसले नसावे. पुढे अमेरिकेच्या थंडीत नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडतात म्हणून आनंदीबाई गुजराती धाटणीने साडी नेसू लागल्या. पेहरावाशी हुज्जत घालण्याची वेळ त्यांच्यावर दोन खंडांत आली.

त्याच दशकात आगरकरांनी ‘सुधारका’तून स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत असे लिहिले, त्यावरही गदारोळ झाला. पण सुधारकांच्या या साऱ्या चर्चेत पोलके, जाकीट आणि साडी यांना जेवढी जागा मिळाली, तेवढी तापलेल्या जमिनीवरून चालणाऱ्या अनवाणी पायांना मिळाली नाही. सुधारक बैठकीच्या खोलीतून विचार करत होते, आणि बैठकीच्या खोलीत सारेच अनवाणी असतात.

खरा अडसर होता चामड्याचा. चामडे हे मेलेल्या जनावराचे, ते कमावणारे हात अस्पृश्य ठरवलेले, म्हणून वस्तूही विटाळाची. बाराव्या शतकात बसवकल्याणला होऊन गेलेल्या हरळय्या आणि कल्याणम्मा या शरण दांपत्याची आख्यायिका मराठवाड्याच्या सीमेलगत आजही सांगितली जाते. त्यांनी स्वतःच्या मांडीचे कातडे काढून बसवण्णांसाठी पादत्राणे शिवली, आणि ती पायात घालण्याची आपली योग्यता नाही असे बसवण्णांनी म्हटले. कथेचा रोख स्पष्ट आहे : चामड्याला हलके मानणाऱ्या समाजात चामड्याचा जोडा मस्तकी धरण्याइतका थोर करून दाखवायचा. पण तो रोख घेणे समाजाला जमले नाही. सोवळे पाळणारा पुरुष लाकडी खडावा घालून वेळ भागवी. अंगठा आणि शेजारचे बोट यांच्यामध्ये खुंटी धरून चालायची ती वस्तू. बाईचा दिवस मात्र चूल, माजघर, देव्हारा आणि तुळस यांच्यामध्ये जाई. तिथे चामड्याला मज्जाव होता, त्यामुळे तिच्या पायाला काही घालण्याचा प्रसंगच उरत नसे. रानात जाणारीला वहाण लागे. पण ती नवऱ्याची जुनी, कितीदा तरी ठिगळ लावलेली असायची.

आणि मग अशी एक चप्पल आली की जिच्यात चामडे नव्हतेच.

तिचे मूळ जपानात आहे. भाताच्या पेंढ्यापासून विणलेला सपाट तळ आणि अंगठ्याच्या फटीतून दोन्ही बाजूंना जाणारा पट्टा, ही ‘झोरी’ची रचना. किमोनोबरोबर घालायचे हे पादत्राण. आनंदीबाईंचे १८८५ सालचे प्रसिद्ध छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. त्यात त्यांच्या शेजारी किमोनोत असलेल्या केइ ओकामी या त्यांच्या जपानी सहाध्यायी. बुटांवरून शेरे ऐकलेली मराठी स्त्री आणि पुढे मराठी गावांत पोहोचणार असलेल्या चपलेच्या देशातली स्त्री, अशा दोघी एकाच चौकटीत. इतिहासाला असे योगायोग आवडतात. त्यातून निष्कर्ष काढायचा नसतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानातून परतणाऱ्या अमेरिकी सैनिकांबरोबर झोरी पश्चिमेकडे गेली आणि पेंढ्याची जागा रबराने घेतली. प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर जपानी मजुरांची वस्ती आधीपासूनच होती, त्यामुळे तिथेही ती रुळली. १९६२ मध्ये ब्राझीलमध्ये ‘हवायानास’ नावाने तिचे उत्पादन सुरू झाले. पोर्तुगीजमध्ये या शब्दाचा अर्थ ‘हवाईच्या बायका’ असा होतो. वरचा थर पांढरा, पट्टा निळा, आणि तळव्यावर तांदळाच्या दाण्यांसारखी नक्षी. रबरात उमटलेली ही भाताच्या पेंढ्याची आठवण. भारतात याच वस्तूला ‘हवाई चप्पल’ म्हणू लागले, आणि तिचाही ठरीव रंग पांढरा-निळाच राहिला.

भारतात ती घरोघर पोहोचली त्यामागे केरळचे रबर आहे. बाटाने १९३० च्या दशकात कलकत्त्याजवळ बाटानगर वसवून कारखान्यातली पादत्राणे देशभर नेली होतीच. १९७५ मध्ये रबराच्या मुलखात, कोट्टायमला, पॅरागॉन सुरू झाली, आणि तिच्यासारख्या अनेक कंपन्यांनी ही चप्पल बाजारात ओतली. रबराचा जाड तक्ता, त्यातून साच्याने कापलेला तळ, त्याला तीन भोके, त्या भोकांत बसणारी पट्ट्याची तीन बोंडे : शिलाई नाही, खिळा नाही, मापाला कारागिराकडे जाणे नाही. पट्टा तुटला तर नुसता पट्टा मिळतो.

या रचनेने विटाळाच्या नियमाला नकळत बगल दिली. रबर जनावराचे नव्हे. ते कोणी कमावले याचा माग जातीपर्यंत जात नाही. पाण्याने धुतले की स्वच्छ. त्यामुळे मोरीत, परसात, पाणी भरायला, शेण काढायला आणि पुढे पुढे तर फरशीच्या घरात स्वयंपाकघरापर्यंतही स्लीपर गेली. ज्या घरात चामड्याची वहाण अंगणातच राहत होती, तिथे रबरी स्लीपर उंबऱ्याच्या आत आली. कोणी भाषण केले नाही, कोणी परिषद भरवली नाही. ती इतकी स्वस्त होती, इतकी क्षुल्लक दिसत होती, की तिला अडवावे असे कोणाला वाटलेच नाही. आनंदीबाईंचे बूट दुरून दिसत. स्लीपर कोणाच्या डोळ्यांवर येत नव्हती.

मराठवाड्यात या प्रवेशाची वेळही ध्यानात घेण्याजोगी आहे. १९७२ च्या दुष्काळात इथल्या लाखो बायका दुष्काळी कामांवर गेल्या. खडी फोडणे, माती वाहणे, तलावाचे बांध घालणे. सुकडी आणि लाल मिलो यांच्या आठवणी त्या पिढीने पुढे कायम सांगितल्या. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि कामाच्या मापाप्रमाणे स्त्री-पुरुषांना एकच दर हे तत्त्व त्यात आले. घरच्या शेतात राबताना मजुरी नव्हती. कामावर हजेरीपटात बाईचे नाव होते आणि आठवड्याचा पगार तिच्या हातात पडत होता. त्याच वर्षांत आठवडी बाजारात चादर अंथरून रबरी चपला विकणारे दिसू लागले. तुटलेल्या खडीवरून अनवाणी चालणारी बाई आणि बाजारातली ती रास, यांच्यामध्ये फार अंतर उरले नव्हते.

या स्वस्ताईची किंमतही कोणीतरी मोजली, आणि ती सांगितल्याशिवाय ही कथा खोटी ठरेल. गावचा चांभार बलुतेदार होता. वर्षाच्या धान्यावर तो कुणब्याच्या वहाणा शिवी, मोटेची डागडुजी करी. विजेचे पंप आले तशी मोट गेली. रबरी चप्पल आली तशी वहाण गेली. दोन्ही गोष्टी जवळपास एकाच पिढीत घडल्या. राज्य शासनाने १९७४ मध्ये चर्मोद्योगासाठी महामंडळ स्थापन केले खरे, पण गावोगावच्या कारागिराच्या हाती पुष्कळ ठिकाणी उरले ते बसस्थानकाबाहेर बसून दुसऱ्याच्या कारखान्यातल्या चपलांना टाके घालणे. पादत्राणाची जात पुसली गेली हे खरे. पण त्या पुसण्यात ज्यांचे हुन्नर गेले, ते त्याच जातीचे होते ज्यांना या विटाळाने शतकानुशतके छळले.

आता पेहरावाकडे. कोणत्याही पादत्राणाबरोबर वस्त्राचे गणित बदलते, आणि स्लीपरने ते बरेच बदलले. काष्ट्याच्या नऊवारीत घोटा आणि पोटरीचा भाग मोकळा असतो. रानात चालायला, चिखलात उतरायला ते सोयीचे. विसाव्या शतकात गोल पातळ आणि सहावारी रुळली तशी निऱ्यांची धार घोट्याखाली आली. स्लीपरचा तळ चालताना टाचेवर आपटतो आणि मागे धूळ उडवतो, पावसाळ्यात तर चिखलाचे ठिपके थेट पोटऱ्यांपर्यंत. म्हणून स्लीपर घालणाऱ्या बाईने साडी बोटभर उंच नेसावी, निऱ्या पुढून किंचित उचलून खोचाव्यात, हे ज्ञान आईकडून मुलीकडे गेले. उन्हाळ्यात सुती इरकल किंवा साधे छापील पातळ, त्यावर फिक्या रंगाचे पोलके; काळ्या जमिनीची धूळ पांढऱ्या काठावर लगेच दिसते, म्हणून काठ गडद. शोभेचे नियम म्हणून कोणी ते लिहून ठेवले नाहीत, पण नियम होते.

जोडव्यांचा प्रश्न वेगळा. स्लीपरचा पट्टा अंगठा आणि दुसरे बोट यांच्या फटीत बसतो, आणि जोडवे असते ते नेमके त्या दुसऱ्या बोटात. नवे रबर, घामेजलेला पाय आणि चांदीचे वेढे यांची घासाघीस उन्हाळ्यात व्रण उठवते. बायकांनी यावर जोडवे सैल करणे, बारीक वेढ्याचे घेणे, घराबाहेर पडताना ते बोटाच्या मुळाशी सरकवणे असे उपाय काढले. तरीही स्लीपर निवडली गेली, कारण बुटाप्रमाणे ती पाऊल झाकत नव्हती. जोडवी, पैंजण, आळता, मेंदी सारे उघडे राहत होते. आनंदीबाईंच्या बुटाने जे लपवले, ते हिने तसेच दिसू दिले. परंपरेशी झालेली ही तडजोड फार शहाणपणाची म्हणावी लागेल. तिच्यात पाय भाजत नाही, आणि सासूही बोलत नाही.

गाऊन आला तेव्हा स्लीपरला तिचा कायमचा जोडीदार मिळाला. शहरातून गावाकडे आलेला हा सैल, सुती, पायघोळ पोशाख उन्हाळ्यासाठी इतका सोयीचा होता की हसणाऱ्यांनीही तो स्वीकारला. मर्यादेसाठी वरून ओढणी किंवा टॉवेल, पायात स्लीपर, आणि या वेशात दळणाच्या गिरणीपर्यंत जाता येते, त्यापलीकडे नाही. त्यापलीकडे साडी लागते आणि सँडल. गावातल्या कुठल्याही बाईला ही अदृश्य सीमारेषा अचूक ठाऊक असते.

कारण मधल्या काळात स्लीपरची पत बदलली होती. जी वस्तू पायात घालणे एकेकाळी आगाऊपणा ठरला असता, तीच आता गरिबीची आणि गबाळेपणाची खूण झाली. महाराष्ट्र शासनाने ८ डिसेंबर २०२० रोजी सरकारी कर्मचाऱ्यांच्या पोशाखाबाबत सूचना काढल्या. स्त्रियांनी चपला, सँडल किंवा बूट वापरावेत. स्लीपर मात्र कार्यालयात वापरू नये, असे त्यांत होते. जीन्स आणि टी-शर्टवरून वर्तमानपत्रांत पुष्कळ लिहिले गेले, स्लीपरविषयी कोणी ब्रही काढला नाही. परदेशातही असेच. जुलै २००५ मध्ये अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या विजेत्या लॅक्रॉस संघातील काही मुली उन्हाळी झग्यांवर अशाच चपला घालून राष्ट्राध्यक्षांच्या भेटीला गेल्या, तर त्यांच्या छायाचित्रावरून देशभर वाद झाला. सुरतेच्या कचेरीपासून हा प्रश्न फारसा पुढे सरकलेला नाही. अनवाणी नसलेला पाय तेवढा आता पुरेसा नाही.

आणि याच खुणेचा उलटा वापरही झाला. पांढरी सुती साडी आणि हवाई चप्पल हा वेश ममता बॅनर्जी यांनी आपली राजकीय ओळख बनवला. एप्रिल २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेचा आरंभ करताना पंतप्रधानांनी हवाई चप्पल घालणारा माणूस हवाई जहाजात दिसावा, अशी कोटी केली. दोन्हींत गृहीत एकच : हवाई चप्पल म्हणजे सामान्य माणूस. त्यातही ‘माणूस’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर पुरुषच येतो, ही गोष्ट निराळी.

ब्राझीलमध्ये मात्र वेगळेच घडले. लोक तळ उलटा करून, रंगीत बाजू वर आणून पट्टा बसवू लागले, म्हणजे चप्पल एकरंगी दिसे. १९९४ मध्ये कंपनीने हीच कल्पना उचलून एकरंगी चपला काढल्या आणि गरिबाची चप्पल समुद्रकिनाऱ्यावरच्या श्रीमंतांच्या पायात गेली. इथल्या चामड्याच्या चपलेचे नशीबही असेच उजळले. कोल्हापुरी १९७० च्या दशकात खादी आणि हातमागाच्या साडीबरोबर विद्यापीठांतून मिरवली. २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातील मिळून आठ जिल्ह्यांसाठी तिला भौगोलिक मानांकन मिळाले. आणि जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडाने तिच्यासारखीच चप्पल तिचे नाव न घेता दाखवली, तेव्हा इतका आवाज उठला की कंपनीला मूळ मान्य करावे लागले. मानांकनाच्या त्या आठ जिल्ह्यांत बीड नाही. बीडच्या बाईच्या पायातली चप्पल कोट्टायमची, दिल्लीची किंवा बिननावाची असते, आणि तिच्यासाठी मिलानशी भांडायला कोणी जात नाही.

युसूफ वडगावच्या कॉलेजकन्येने कुर्तीच्या रंगाशी जुळणारा पट्टा निवडणे, हा या साऱ्या कहाणीतला अगदी ताजा टप्पा. तिच्याकडे घरात सँडल आहे, बूटही असेल. उन्हाळ्यात पाय मोकळा राहावा म्हणून ती स्लीपर घालते. तिच्यापुढे पर्याय आहेत, म्हणूनच तिच्या स्लीपरला शैली म्हणता येते.

याच जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचा पेहराव पाहिला तर चित्र पालटते. साडीवर नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट, कारण उसाचे पाते हात कापते. डोक्याला घट्ट बांधलेले फडके, कारण पाचटाची कुसे मानेत उतरतात. कमरेला खोचलेला पदर. आणि पायात तीच स्लीपर, कारण दुसरे काही नसते. उसाच्या कापलेल्या बुडख्यांवर ती पुरेशी नाही. बाभळीचा काटा तिच्या तळातून आरपार येतो. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढताना ओल्या रबरावरून पाय निसटतो. गाडी सेंटर असो, टायर सेंटर असो की डोकी सेंटर, ‘कोयत्या’तल्या बाईचा हा वेश ऑक्टोबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत बदलत नाही. शर्ट, साडी आणि स्लीपर हा मेळ फॅशनच्या कुठल्याही पानावर आलेला नाही. पण मराठवाड्यातील बायकांनी स्वतःच्या गरजेतून घडवलेला हा कदाचित सर्वांत विचारपूर्वक पेहराव असेल. त्यातली पायातली तेवढी वस्तू कामाच्या तोलाची नाही.

फडात पट्ट्याचे बोंड भोकातून निसटले तर बाजार जवळ नसतो. मग मंगळसूत्रात किंवा बांगडीत अडकवून ठेवलेल्या सेफ्टी पिनांपैकी एक निघते, बोंड खालून ओढून त्याच्या मुळाशी ती आडवी टोचली जाते, आणि चप्पल आणखी काही दिवस चालते.